गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ (आयटी बँड): दुखायच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं होतं?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या जानेवारीतली अर्ध मॅरेथॉन उजव्या गुडघ्यापायी, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या आयटी बँड नावाच्या पट्ट्याच्या दुखण्यापायी, माझ्या हातून गेली. आता पुन्हा धावते आहे, म्हणून जे कळलं ते इथे लिहून ठेवते. पावसाळा सरला की गंगापूर रोडवर पहाटे नवे चेहरे दिसायला लागतात आणि दिवाळीनंतर त्यातलेच काही जण गुडघ्याला नी-कॅप घालून कडेने चालताना दिसतात. त्यांना पाहिलं की जीव तुटतो, कारण मीही त्यांच्यातलीच होते.

माझं दुखणं असं होतं. पहिले चार किलोमीटर काहीच नाही. पाचव्याला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जळजळ सुरू. वाटीवर नाही, वाटीखालीही नाही. बाजूच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथे, एक बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी जागा. अर्धा किलोमीटर आणखी रेटलं तर सुरी फिरवल्यासारखी कळ. थांबलं की दहा मिनिटांत गायब. सपाटीवर चालताना त्रास नाही, पण घरचा जिना उतरताना प्रत्येक पायरीला चमक. सूज नाही, एक्स-रे स्वच्छ.

एका दवाखान्यात सांगितलं, "वंगण कमी झालंय, चाळिशीत व्हायचंच, पळणं सोडा." गोळ्या घेतल्या, दोन महिने पळणं सोडलं, दुखणं गेलं. पुन्हा पळायला गेले तर पाचव्या किलोमीटरला ते माझी वाट पाहत उभं. मग एका फिजिओताईंकडे गेले. त्या इथे वाचतात, लिहितीलही. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारलं, "दुखायच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय काय बदललं?"

माझ्या वहीत सगळं होतं, मी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. आठवड्याचे किलोमीटर: १४, १६, १६, २५, ३१, ३४. तीन आठवड्यांत दुपटीहून जास्त. चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, चढून लगेच धावत खाली. रोजचा रस्ता एकच, गंगापूर रोडने सोमेश्वरकडे, आणि समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून जाताना-येताना कायम उजव्या कडेने. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. म्हणजे माझं उजवं पाऊल रोज तासभर डाव्यापेक्षा खालच्या पातळीवर पडत होतं, आणि दुखला तोही उजवाच. बूट दीड वर्षाचे, टाचेची बाहेरची कड घासून गुळगुळीत झालेली.

यातलं एखादं कारण पायाने पचवलं असतं. मी चारही एकदम अंगावर घेतली.

ज्यांना हे दुखणं झालं आहे त्यांना विनंती: उपाय नंतर, आधी आपापले ते सहा आठवडे लिहा.

---

सिडकोचा_सायकलवाला

फार गरजेचा धागा, ताई. मी पळत नाही, सायकल चालवतो. माझा डावा गुडघा, अगदी हीच जागा.

माझे सहा आठवडे सांगतो. पंढरपूरची सायकलवारी डोळ्यांसमोर होती. नवीन पेडल घेतली, बूट पेडलमध्ये अडकतो ती. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी, मी घरीच अंदाजाने बसवली. त्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं सीट वर घे, ताकद चांगली लागते, म्हणून दीड सेंटिमीटर वर घेतली. तिसऱ्या रविवारी त्र्यंबक, आंबोली करून येताना महिरावणीजवळ उतरावं लागलं. पेडल खाली गेलं की कळ, वर आलं की बरं. एवढं नेमकं.

नंतर नीट फिटिंग करून घेतलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. सीट उंच असल्याने पेडल तळाला जाताना पाय जवळजवळ सरळ होत होता आणि पेडल गाठायला कंबर दोन्हीकडे हलत होती. दुसरं, डाव्या क्लीटमुळे चवडा आत वळलेला होता. आठ मिलिमीटर सीट खाली आणि क्लीट थोडी बाहेर, एवढंच केलं. तीन आठवड्यांत ५० किलोमीटर बिनदुखीचे झाले.

८० च्या कॅडेन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्यांनी, तासाला ४,८०० वेळा एक गुडघा वाकतो. चुकीचा कोन असेल तर ती चूकही ४,८०० वेळा होते. आपल्या नाशिकचे महाजन बंधू २०१५ साली दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, तेव्हापासून इथे सायकलवर लांब अंतर कापायची हौस वाढली आहे, ती वाढायलाच हवी. पण महागडी सायकल घेणारे फिटिंगच्या थोड्या पैशांना मागेपुढे पाहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

फिजिओ_कॉलेजरोड

गोदाकाठचीताईंनी बोलावलं, म्हणून सविस्तर लिहिते. हे सगळं सर्वसाधारण आहे, प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

आयटी बँड हा स्नायू नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूने कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा चामड्यासारखा चिवट पट्टा आहे. वर खुब्याजवळ पुढून टीएफएल नावाचा छोटा स्नायू आणि मागून नितंबाचा मोठा स्नायू त्याला येऊन मिळतात. खाली तो गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला चिकटतो. त्याची दोरी वर खुब्याच्या हातात आणि तक्रार खाली गुडघ्यात, असा प्रकार आहे. म्हणून नुसता गुडघा तपासून हाती काही लागत नाही.

गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर सगळ्यांत जास्त दाबला जातो. धावताना पाऊल टेकल्या टेकल्या गुडघा नेमका याच कोनातून जातो. तासभराच्या धावण्यात एकेका पायाची पाच हजारांच्या आसपास पावलं पडतात, हे लक्षात घ्या.

या दुखण्याचं वर्णन १९७५ साली अमेरिकन मरीन दलाच्या भरती झालेल्या जवानांवरून पुढे आलं. तेव्हा समजूत अशी होती की पट्टा त्या उंचवट्यावर पुढे-मागे घासतो. २००६ साली शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवलं की पट्टा मांडीच्या हाडाला तंतूंनी चांगला बांधलेला आहे, दोरीसारखा मोकळा सरकत नाही. त्याच्याखाली चरबीचा एक थर असतो, त्यात नसा भरपूर, आणि तो थर दाबला जातो. घासणं म्हणा किंवा दाबणं म्हणा, पेशंटच्या दृष्टीने मुद्दा एकच: त्या कोनात किती वेळा आणि किती भार पडतो.

आता ताईंच्या चार गोष्टी बघा. उतारावर पाऊल टेकताना गुडघा जास्त सरळ असतो, त्यामुळे त्या नाजूक कोनात जास्त काळ राहतो. म्हणून चढताना नाही, उतरताना दुखतं. "जोरात पळालं की कमी दुखतं, रमतगमत पळालं की जास्त" असंही बरेच जण सांगतात आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते खरं असतं, कारण वेगात पाऊल टेकताना गुडघा आधीच जास्त वाकलेला असतो. कडेला उतरत्या रस्त्याने खालच्या बाजूच्या पायाचा पट्टा ताणला जातो. आणि किलोमीटर एकदम वाढले की त्या थराला सावरायला वेळच मिळत नाही. मी पाहते त्या पेशंटमध्ये हे शेवटचं कारण जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत सापडतं.

यात आणखी एक भर घाला. धावताना आपण सतत एका पायावर असतो. त्या वेळी कंबर समतल ठेवायचं काम खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचं, मुख्यतः ग्लुटिअस मीडियसचं. तो थकला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते, मांडी आत वळते, पट्ट्यावर ताण येतो. रस्त्याच्या अरुंद कडेने पळणाऱ्यांची पावलं नकळत एका रेषेत, एकमेकांच्या पुढ्यात पडू लागतात, त्यानेही हाच ताण वाढतो. लांब ढांग टाकणाऱ्यांचंही तेच. आरशासमोर एका पायावर अर्धी बैठक मारून बघा, गुडघा आत पडतो का ते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आयटीवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत बहुतेकांचा पडतो.

---

सह्यभटका

वाचतोय. माझं हरिहर गडावर झालं. चढताना एकदम मजेत, त्या खोदीव पायऱ्या उतरून खालच्या पठारावर आलो तोवर डाव्या गुडघ्याने साथ सोडली. शेवटचा तास पाय ताठ ठेवून उतरलो. आधीच्या आठवड्यात अंजनेरी, त्याच्या आधी रामशेज, आणि त्याआधी चार महिने काहीच नाही. सहा आठवड्यांचं गणित मलाही लागू पडलं म्हणायचं.

एक शंका. मित्राच्या सांगण्यावरून महिनाभर मांडीच्या बाहेरच्या बाजूवर फोम रोलर (अंगाखाली घेऊन फिरवायचा फोमचा गोल लोड) फिरवला. डोळ्यांत पाणी यायचं. पट्टा मोकळा होतो म्हणतात. मला उलट जास्त दुखायला लागलं. चुकीचं करत होतो का?

---

फिजिओ_कॉलेजरोड

भटकादादा, पट्टा इतका चिवट आहे की रोलरने लांबत नाही. हाताने ओढून ताणूनही त्याची लांबी लक्षात येण्याजोगी वाढत नाही. रोलरने काही काळ बरं वाटतं ते आजूबाजूच्या स्नायूंचा ताण सैल झाल्याने. तुम्ही दुखऱ्या जागेवरच शरीराचा भार टाकत होतात. जो थर आधीच दाबला जाऊन चिडलाय, त्याला आणखी दाबल्यावर काय होणार?

रोलर आवडत असेल तर नितंबावर, खुब्याच्या पुढच्या अंगाला आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर फिरवा. गुडघ्याच्या बाजूचा उंचवटा सोडून द्या. आणि गडावरून उतरताना दोन काठ्या वापरा, वयस्कर दिसू याची लाज नको. गुडघ्यावरचा बराच भार हातांवर जातो.

---

पंचवटीची_माई

आमच्या ह्यांना गेल्या नवरात्रात वणीला पायी जाऊन आल्यापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. नाशिकहून गडापर्यंत साठेक किलोमीटर होतात, दोन दिवसांत गेले. वय ६१. तेल लावून शेकते रोज. तुम्ही लिहिलंय ते वाचून वाटलं हेच असेल. पण त्यांचा गुडघा संध्याकाळी सुजतो आणि उठताना कधी कधी अडकतो, मग हलवून सोडवावा लागतो. हेच का हो ते?

---

फिजिओ_कॉलेजरोड

माई, नाही. सूज येणं आणि गुडघा अडकणं ही आयटी बँडची लक्षणं नाहीत. आत गादीसारखी कूर्चा असते, मेनिस्कस म्हणतात, ती फाटली असू शकते, किंवा सांध्याची झीज असू शकते. काकांना याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. शेक चालेल, पण जोरात चोळू नका.

बाकीच्यांसाठीही सांगते. गुडघा सुजला, अडकला, पाय मुरगळून "कट्" आवाज झाला आणि मग दुखू लागलं, रात्री झोपेत ठणका लागतो, किंवा कमरेपासून मांडीच्या बाजूने मुंग्या येत खाली उतरतात, तर या धाग्यावरचे व्यायाम करत बसू नका. कमरेच्या मणक्यातली नस दबली तरी मांडीच्या बाहेरच्या बाजूला दुखतं आणि ते या दुखण्यासारखं वाटू शकतं.

---

पंचवटीची_माई

बरं झालं विचारलं. उद्याच नंबर लावते. देव तुमचं भलं करो.

---

पेठचा_पोरगा

मी पोलिस भरतीची तयारी करतोय. गाव पेठ तालुक्यात, इथे नाशिकला खोली घेऊन राहतो. कविता राऊत ताईंचं सावरपाडा आमच्या बाजूलाच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये त्यांनी १०,००० मीटरला कांस्यपदक घेतलं तेव्हा मी लहान होतो, पण गावातल्या सगळ्यांनी टीव्हीभोवती गर्दी केलेली आठवते. तेव्हापासून पळतोय.

डावा गुडघा, बाहेरून. १६०० मीटरच्या तयारीसाठी रोज मैदानात १५ ते २० फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस. गावाकडे डोंगरातून पळायचो, कधी काही झालं नाही. आता दोन महिन्यांपासून फक्त मैदान. सगळी पोरं एकाच दिशेने पळतात, मीही. बूट मित्राचे जुने आहेत, एक नंबर मोठे. मैदानी चाचणी कधीही लागू शकते, थांबता येत नाही. काय करू?

---

गोदाकाठची (धागाकर्ती)

दादा, तुझ्या चार ओळींत तुझी सगळी कारणं आली आहेत बघ. गोल फेऱ्यांत वळणावर आतला आणि बाहेरचा पाय सारखं काम करत नाहीत आणि तू महिनोन्महिने एकाच बाजूला वळतोयस. गावाकडे वाट सतत बदलायची, चढ, उतार, दगड, माती, प्रत्येक पाऊल वेगळं पडायचं. इथे तेच पाऊल हजार वेळा.

बुटांचं मला निरोपात तुझं माप कळव. आमच्या ग्रुपमध्ये काहीतरी जमवू, संकोच करू नकोस. बाकी फिजिओताई सांगतील.

---

फिजिओ_कॉलेजरोड

थांबता येत नाही हे मला कळतं, भरतीची पोरं माझ्याकडे नेहमी येतात. पण १६०० मीटरच्या परीक्षेसाठी रोज २० फेऱ्यांची गरज नाही. दुखणं ज्या फेरीला सुरू होतं त्याच्या दोन फेऱ्या आधी थांब. समजा आठवीला सुरू होतं, तर सहाच. त्याही एक दिवसाआड, आणि दर दिवशी दिशा उलट. गर्दीत उलटं पळता येत नसेल तर सरळ रस्त्यावर पळ. तुला वेग हवाच आहे, तर रमतगमतच्या लांब फेऱ्या कमी कर आणि छोट्या वेगवान धावा ठेव. गोळाफेकीचा आणि १०० मीटरचा सराव दुखत नसेल तर चालू दे. मधल्या दिवशी खुब्याचे व्यायाम. गोळी खाऊन दुखणं दाबून पळू नकोस, एवढं मात्र नक्की ऐक.

---

आकडेमोड

एक प्रामाणिक शंका. खुब्याचे स्नायू कमजोर म्हणून दुखतं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण दुखतंय म्हणून माणूस तो पाय कमी वापरतो आणि म्हणून स्नायू कमजोर होतो, असंही असू शकतं ना? कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

---

फिजिओ_कॉलेजरोड

अगदी बरोबर प्रश्न. दुखू लागल्यानंतर मोजलेली ताकद कमी भरते, त्यावरून ती आधीपासून कमी होती असं म्हणता येत नाही, आणि अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. त्यामुळे "तुमचा खुबा कमजोर आहे, हेच कारण" असं मी पेशंटला छातीठोकपणे सांगत नाही. तरीही व्यायाम देते, कारण ताकद वाढली की तोच भार पायाला हलका पडतो आणि पळण्याकडे परतणं सोपं जातं. इंजेक्शन फार थोड्यांना लागतं, शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. बहुतेकांचं भार आवरून आणि पुन्हा हळूहळू वाढवून भागतं.

---

गोदाकाठची (धागाकर्ती)

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं की मी नेमकं काय केलं, म्हणून लिहिते.

पहिले दोन आठवडे पळणं बंद. बसून राहिले नाही, सावरकर तलावावर पोहायला गेले आणि सपाटीवर चालले. एक दिवसाआड व्यायाम. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं. हा सोपा वाटतो, पण पाय पुढे आला की भलताच स्नायू काम करतो, म्हणून मी भिंतीला टाच लावून करायचे. मग जिन्याच्या पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून मोकळ्या बाजूची कंबर खाली सोडायची आणि वर आणायची. साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर आणि पावलांवर अंग उचलून धरणं. आणि आरशासमोर एका पायावरची अर्धी बैठक. पहिल्या दिवशी उजवीकडे सहा जमल्या आणि डावीकडे चौदा. तो फरक पाहून मी खाली बसले होते.

तिसऱ्या आठवड्यापासून गोल्फ क्लब मैदानावर एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं. पावलं मोजली, मिनिटाला १५८ पडत होती. ढांग छोटी करून १६८ पर्यंत नेली. सुरुवातीला तुरुतुरु चालल्यासारखं विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते. नवे बूट घेतले. रस्त्यावर परतले तेव्हा पहाटेच्या मोकळ्या वेळेत, जिथे रस्ता सपाट तिथेच. सहाव्या आठवड्यात ५ किलोमीटर सलग, बाराव्यात १०. पांडवलेणी सोडली नाही, पण आता चढते पळत आणि उतरते चालत, कठड्याला हात लावून.

मधे दोनदा कळ परत आली. दोन्ही वेळा वहीत पाहिलं, दोन्ही वेळा आठवड्याचे किलोमीटर जास्त झाले होते.

---

सह्यभटका

रोलर नितंबावर आणला, काठ्या घेतल्या. काल ब्रह्मगिरी करून आलो, उतरताना शेवटच्या टप्प्यात जरा जाणवलं, बास. पुढचा ट्रेक दोन आठवड्यांनी, मधे जागा सोडली आहे.

---

पंचवटीची_माई

ह्यांचा एमआरआय झाला. गादी फाटली आहे, डॉक्टरांनी आधी व्यायाम सांगितलेत, लगेच ऑपरेशन नको म्हणाले. यंदा वणीला एसटीने.

---

पेठचा_पोरगा

तीन आठवडे झाले. सांगितलं तसंच केलं. सहा फेऱ्यांवरून नऊवर आलोय, दुखलं नाही. ताईंनी पाठवलेले बूट बरोबर बसले. काल १६०० मीटर वेळ लावून पळालो, दुखायच्या आधीच्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त लागले, पण गुडघा शांत होता. उलट दिशेने पळायला लागलो तेव्हा पोरं ओरडायची. आता आमच्यातले पाच जण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी उलटे पळतात.